सावली वगळून

१२ जानेवारी

विकणार! सकाळीच मालकीणबाईंचा फोन — "घर विकायला काढतेय. आधी तुमच्या कानावर घालते." बाई राहतात भावाच्या घरी, हे घर त्यांना वडिलांकडून आलेलं. का विकताय, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चौदा वर्षांत भाडेकरू म्हणून कधी वेडावाकडा शब्द ऐकला नाही त्यांचा. आता विकू नका असं कुठल्या तोंडानं म्हणू?

हिला सांगितलं. शिवणाचं मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. पडदे संध्याकाळी द्यायचे होते.

१३ जानेवारी

कामात लक्ष नाही. लिफ्टचं पॅनल बंद केलं आणि टेस्टर आतच राहिला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा!

१९ जानेवारी

एजंट येऊन गेला. घर त्यानं पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. दारात उभा राहून वर बघत बसला, मोबाईलवर झाडांचेच फोटो काढले. "काका, चार भिंती कुठंही मिळतात. इथं गल्ली विकली जाते!" मागच्या गल्लीत हाच बिल्डर, हीच बांधणी, हेच वर्ष. फक्त झाडं नाहीत. तिथला भाव इथल्यापेक्षा आठवा हिस्सा कमी. लेकीनं हातभार लावला तर कसंबसं तिथलं घर झेपेल. हे नाही.

हसावं की रडावं! करंजाची ही झाडं नगरपालिकेनं लावली आणि विसरून गेली. नऊ होती, एक ट्रकनं मोडलं. तीन उन्हाळे कामावरून आल्यावर आठही झाडांना कॅननं पाणी घातलं मी. लोक म्हणायचे, "काय लिफ्टवाले, झाडं तुमच्या बापाची का?" बापाची नव्हती, खरं आहे. पण पोसली मी, आणि आता मलाच घराबाहेर काढतायत!

हिच्यापाशी कुरकुर केली तर म्हणते, "मी केव्हाची सांगतेय. गल्लीत सावली झाली आणि माझं जाड पडद्यांचं गिऱ्हाईक बुडालं. आता घर बुडालं." आणि हसत सुटली. अशी बायको मिळाली हेच नशीब.

२ फेब्रुवारी

मालकीणबाईंनी घराची किंमत काढायला व्हॅल्युअर पाठवली. तरुण बाई, पायांत बूट. आत मोजायला दहा मिनिटं, बाहेर अर्धा तास. बुंध्यालासुद्धा टेप लावली!

चहा देताना विचारलं — झाडं सरकारी, रस्ता सरकारी, मग भाव घराचा का वाढतो? म्हणाली, "काका, माणूस भर दुपारी घर बघायला येतो. गाडीतून उतरतो, सावलीत उभा राहतो, आणि तिथंच मनातल्या मनात घर घेऊन टाकतो. आत येतो तो नुसती खोड काढायला."

"झाडं जगवली कुणी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, जगली आपली. आतून ही ओरडली, "तीन वर्षं पाणी कुणी घातलं ते सांगा की!" बाईनं ते वहीत लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० फेब्रुवारी

दोन जागा पाहिल्या. एकीच्या जिन्यातून हिचं मशीन वर जाणार नाही. दुसरीत मशीन जाईल, पण मग आम्ही मावणार नाही. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, कर्जाला माझं नाव लावा, लाजू नका." लाजलो. मग हो म्हणालो.

२१ फेब्रुवारी



मालकीणबाई स्वतः आल्या. पिशवीतून कागद काढला. त्यावर दोन किमती — एक आहे तशी, दुसरी गल्लीत झाडंच नाहीत असं धरून. खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. "ही तुमची."

"बाई, काहीतरी चुकतंय."

"काही चुकत नाही. वडिलांचं घर आहे, ते विकते. सावली तुम्ही केलीत. तुमचीच वस्तू तुम्हाला विकून वर पैसे घेऊ?"

ही म्हणाली, "ताई, असं करू नका. लोक वेड्यात काढतील तुम्हाला."

"काढू देत. वयाला शोभेल."

आणि साखर कमी म्हणून चहा परत पाठवला. मी बाहेर जाऊन पहिल्या झाडाला टेकून उभा राहिलो.

८ मार्च

कर्ज मंजूर. लेकीनं ऑफिसातून फोन केला आणि नुसती रडली. वेडी!

२८ मार्च

सह्या झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींत माणसं वर पोचवली. आज स्वतःच्या दाराला किल्ली लावली — तीच जुनी किल्ली, तेच दार, तरी दोनदा लावून पाहिली. कुणाकुणाचे आभार मानू? लेकीचे, व्हॅल्युअर बाईचे, हिच्या तिखट जिभेचे — ती आतून ओरडली नसती तर? आणि मालकीणबाईंचे. आता त्या मालकीणबाई नाहीत, तरी तोंडात तेच येतं.

३ एप्रिल

हिनं आमच्या खिडक्यांना पडदे शिवले. एकदम पातळ!

११ मे

मालकीणबाईंचा नवा पत्ता कळला, म्हणून दोघं भेटायला गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पश्चिमेची एकच खोली. रस्त्यावर औषधालाही झाड नाही. खिडकीवर ओली चादर टांगलेली.

"भाऊ गेला, भाच्यांनी घर विकलं. मला जागा हवी होती. हातात होतं त्यात हे बसलं."

ही म्हणाली, "अहो ताई, तुमचं स्वतःचं घर होतं की!"

"तिथं तुम्ही राहत होतात ना."

घरी आलो. हिनं चपलाही काढल्या नाहीत. सरळ शिवणाच्या खोलीत गेली आणि जाड कापडाचे तागे बाहेर काढायला लागली.