व्याह्यांच्या मापाचा ड्रायव्हर

आदरणीय व्याहीसाहेब,

सप्रेम नमस्कार. तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. खरी बातमी आमच्या लेकीकडून, म्हणजे तुमच्या सूनबाईकडून, रोज फोनवर मिळतेच. खांद्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, आणि तरी तुमची गोल्फची बॅग गॅलरीत उभी असून तिच्यावर मोजे वाळत असतात, इथवर मला माहीत आहे. परवानगीनंतर तुम्ही एकदाच मैदानावर गेलात, पहिलाच चेंडू उजवीकडे वळून झाडीत शिरला, मागच्या तरुण मंडळींपैकी कुणीतरी समजुतीच्या सुरात "असू दे काका" म्हणालं, आणि तुम्ही जे घरी आलात ते आलातच. तेही माहीत आहे. (लेकीवर रागावू नका. ती सांगत नव्हती, मी खोदून खोदून विचारलं.)

आता मुद्द्याचं. हल्ली असे ड्रायव्हर मिळतात म्हणे, ज्यांच्यातलं वजन हलवता येतं. ड्रायव्हर म्हणजे तुमची ती पहिल्या लांब फटक्याची, मोठ्या डोक्याची काठी. (काठी म्हटलेलं तुम्हाला खपत नाही, पण पत्रात तुम्ही मला अडवू शकत नाही.) डोक्याच्या तळाशी स्क्रूने बसवलेली लहान वजनं असतात. ती दांड्याच्या बाजूला आणली की उजवीकडे पळणारा चेंडू बराचसा ताळ्यावर येतो. मला ही कल्पना फार आवडली. बिघाड स्क्रूचा, दुरुस्ती स्क्रूची, माणसाला कुणी काही बोलायचं कारण नाही. तुमच्या स्वभावाला मानवेल असं दुसरं औषध मला तरी माहीत नाही.

म्हणून सौ.ला घेऊन दुकानात गेलो. काठी जुळवून देणाऱ्याला तिथे फिटर म्हणतात. तो म्हणाला, खेळणाऱ्यालाच घेऊन या. मी म्हटलं, बाबा रे, मी जन्मभर शिवणकाम केलंय. गिऱ्हाइकाला येता आलं नाही तर त्याच्या अंगकाठीचा माणूस उभा करून माप घ्यायचं, ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. लग्नाचे कोट शिवलेत असे. (तुमच्या चिरंजीवांचाही. बाही आखूड झाली असं तुमच्याकडचे म्हणतात, आमच्याकडचे म्हणत नाहीत.) तेव्हा आजच्यापुरता मीच व्याही असं समज आणि लाग कामाला.

जाळी लावलेल्या खोलीत त्याने मला उभं केलं. समोर पडदा होता, मैदान खरं असतं तर चेंडू कुठे गेला असता ते त्यावर दिसतं. रविवारी सकाळी तुमची ट्रॉली ओढत मी मागून इतका हिंडलोय की तुमचा फटका मला तोंडपाठ आहे. मी टोपी मागे सारली, खाकरलो, छताकडे बघून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि चेंडूला पुटपुटत दम दिला. फिटर म्हणाला, "हे सगळं लागतं का?" मी म्हटलं, "आमच्या व्याह्यांना लागतं." मागून सौ. म्हणाली, "अहो, ते पोट आत घेतात. फोटो काढणार असल्यासारखं." मी पोट आत घेतलं. पहिल्या फटक्यात चेंडू जागेवर राहिला आणि सतरंजीचा तुकडा जाळीत गेला. पुढचे चेंडू मात्र अगदी तुमच्यासारखे उजवीकडे गेले, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला. फिटर स्क्रू सैल करायचा, वजन सरकवायचा, पुन्हा आवळायचा, आणि पडद्यावरची रेघ हळूहळू आत येत होती.

मग सौ. म्हणाली, "हे आधीचे व्याही झाले. आता ऑपरेशननंतरचे करा."

ते मला लगेच जमेना. हात अर्ध्यातच थांबवायचा, खांदा वर जाऊ द्यायचा नाही, आणि तो जात नाही हे कुणाला कळू नये असं तोंड करायचं. दोन्ही एकदम करताना मध्येच थांबावं लागलं. (खाकरण्याची सोय होती, बरं झालं.) फटका लागला. चेंडू फार लांब गेला नाही, पण सरळ गेला. फिटर म्हणाला, "ह्यांना आणा. ह्यांचं जमेल."

काठी घेऊन आलोय. स्क्रू फिरवायचा पाना सोबत आहे. नेमकं वजन कुठे ठेवायचं ते खऱ्या माणसाचे चार फटके बघितल्याशिवाय ठरणार नाही असं फिटरने बजावलंय. तेव्हा यावं. विहीणबाईंनाही आणावं. घरात सर्वांना यथायोग्य.

आपला,
मुलीकडचा

ता.क. लिहायचं नव्हतं, पण दुकानातल्या त्या दिवसापासून माझाही खांदा धरलाय. डॉक्टरांनी मलाही तुमचेच, भिंतीवर बोटं चालवत न्यायचे व्यायाम दिलेत. एकट्याने भिंत चढताना मूर्खासारखं वाटतं. तुम्ही आलात तर दोघं शेजारी उभे राहून करू, म्हणजे मूर्खपणा वाटून घेता येईल. खरं म्हणजे पत्राचं कारण हेच समजा.

ता.क. २. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय म्हणून मी, तुमची विहीण, लिहिते. ह्यांच्या खांद्याला काहीही झालेलं नाही. आज सकाळी माळ्यावरचं शिलाई मशीन एकट्याने खाली काढलं. पण काल दुपारी दार लोटून भिंतीवर बोटं चालवत होते. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते आल्यावर मला येत नसलं तर त्यांना संशय येईल." तेव्हा भाऊ, या. आणि तुम्हाला कळलंय हे ह्यांना कळू देऊ नका.