बर्फातला अनवाणी मुलगा

प्रिय आई,

आज पहाटे तू स्वप्नात आलीस. इथे परदेशात, ग्वेल्फच्या आमच्या अंगणात भुरुभुरु बर्फ पडत होता आणि तू मोज्यांवर चप्पल घालून आरामात उभी! नुसती खाली पायांकडे बघत राहिलीस. उठले ती तुला लिहायलाच बसले. रागावली आहेस ना?

रागावशीलच. तुला जाऊन वर्ष झालं. तुझ्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला तुझ्या नातीच्या, प्रज्ञाच्या शाळेला पुस्तक द्यायचं ठरवलं. शेवटी तू नागपूरची मास्तरीण! पुस्तक इथल्या मूळ रहिवाशांचं, नेटिव्ह लोकांचं. काय सुंदर चित्रं होती! मी भुललेच. आत तुझ्या नावाची पट्टी चिकटवली आणि देऊन टाकलं.

तुझी सवय कशी गं विसरले? शाळेचं नवं पुस्तक आलं की तू आधी पाय बघायचीस. "धडा मंग वाच वं. आपल्या माणसाच्या पायात चप्पल हाय का, आधी ते पाह्य!" चित्रात बाकी सगळे बुटात, आणि आपल्या वस्तीतला माणूस अनवाणी, दाराबाहेर, बिननावाचा. मग तू पेन घेऊन त्याच्या पायात चप्पल रंगवायचीस. सरकारी पुस्तकात! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मंगळवारी मी प्रज्ञाच्या शाळेच्या लायब्ररीत मदतीला जाऊन पुस्तकं लावत होते. प्रज्ञाची मैत्रीण टेसा तुझं पुस्तक घेऊन बसली. टेसा नेटिव्ह आहे. चित्रात तिच्याएवढा मुलगा, डोक्यात पिसं, भोवती बर्फच बर्फ आणि पाय उघडे.

"व्हेअर आर हिज बूट्स?" तिनं विचारलं. "माय ग्रँडमा वुड नेव्हर लेट मी गो आउट लाइक दॅट."

अगं, पोरगी तुझंच बोलली! मी पुस्तक पुन्हा चाळलं. मुलाला नाव नाही, आई नाही, शाळा नाही. शेवटच्या पानावर त्याची सगळी माणसं धुक्यात विरून जातात. आणि टेसा तर माझ्यासमोर बसलेली, गुलाबी बूट घालून. तिनं पुस्तक हळूच मिटलं आणि प्रज्ञाला म्हणाली, "युअर मॉम पिक्ड धिस?" प्रज्ञा माझ्याकडे बघेचना.

लायब्ररीतल्या बाई भल्या. म्हणाल्या, "इट्स फॉर युअर मदर. लेट्स जस्ट लीव्ह इट." तुझ्या नावानं ते तिथे राहणार? छे!

शेवटी टेसाच्या आईला फोन केला. ती नर्स आहे. पुस्तकाचं सांगताना माझी जीभ अडखळत होती. मग तुझ्या पेनाची गोष्ट सांगितली, तशी ती खळखळून हसली. म्हणाली, "आय वुड हॅव लाइक्ड हर." तू इथे आली होतीस तेव्हाच तुमची गाठ का नाही घालून दिली मी? दोघींनी चहा पीत किती पुस्तकांची सालं काढली असती!

उद्या ते पुस्तक परत आणते, पट्टी माझ्या हातानं सोडवते. नवं पुस्तक टेसा आणि तिची आई निवडतील, त्यांच्याच माणसांनी लिहिलेलं. टेसा हो म्हणाली तरच त्यावर तुझं नाव लावीन.

आणि हे जुनं आपल्या घरात राहील. त्या पोराचे पाय किती दिवस गारठतायत! चित्रकला माझी कच्ची, तुला माहीतच आहे. पण प्रज्ञाला शेजारी बसवून, मी जपून ठेवलेल्या तुझ्याच पेनानं, त्याला बूट रंगवीन. चांगले जाड, आत लोकर असलेले. शब्द देते.

तुझी,
सुजाता