शेवटची दहा मिनिटं

ता. ९, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही असशील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू मजेत नाहीस हे मला पाकीट हातात घेतल्यावरच कळलं. पत्ता इतका दाबून लिहिला होतास की आतल्या कागदावर उमटला होता.

तू विचारलंयस त्याचं उत्तर देतो. वीस तारखेच्या आत मी येऊन आईजवळ राहतो का. येत नसलो तर सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवायची, म्हणजे एकवीसला तिला वृद्धाश्रमात सोडता येईल आणि तुला त्या लांबच्या प्रयोगशाळेत नोकरीवर हजर होता येईल. दोनदा ती नोकरी नाकारलीस, तिसऱ्यांदा ते विचारणार नाहीत. सगळं वाचलं. "फोन करू नकोस, लिहून कळव, फोनवर तू गोष्टी सांगतोस," हेही वाचलं. लागलं. बरोबर आहे म्हणूनच लागलं असणार.

तर उत्तर देतोच. आधी थोडं इकडचं.

इकडे या शुक्रवारी तीन नवीन लागले. एक पाणबुडीचा, एक जुळ्या भावांचा आणि एक त्या भुताचा चौथा भाग. चौथा! तिसऱ्यात त्या भुताला विहिरीत गाडून वर सिमेंट ओतलं होतं, मी स्वतः बघितलंय. आता म्हणे सिमेंट कच्चं निघालं. पाणबुडीवाला हिरो समुद्राच्या तळातून वर येतो आणि त्याचे केस कोरडे. जुळ्यांच्यात शेवटी एक भाऊ दुसऱ्याच्या गळ्यात पडून रडतो. कोण कुणाच्या, ते कळत नाही. दोन्हीकडे तोच नट, त्यालाही कळलं नसावं.

आणि पुढच्या महिन्यात येणारे तर विचारूच नकोस. सगळ्यांचे ट्रेलर एका साच्यातले. आधी अंधार, मग धडाम, मग कुणीतरी म्हातारा घोगऱ्या आवाजात म्हणतो, "तो परत येतोय." पोलीस परत येतोय, डाकू परत येतोय, दोन भागांपूर्वी मेलेला परत येतोय. लोक टाळ्या वाजवतात. परत येण्यात एवढं काय आहे कळत नाही. बसमध्ये बसलं की येता येतं.

हे मी लिहायला नको होतं. पण खोडलं तर तू उजेडाकडे धरून वाचशील, म्हणून राहू दे.

कामाचं सांगतो. मी थेटरात आहे एवढंच तुम्हाला ठाऊक. आई शेजारच्या काकूंना सांगते की आमचा मुलगा सगळे सिनेमे सगळ्यांच्या आधी बघतो. मी झाडतो, ताई. पाच पडदे आहेत. एक खेळ सुटला की दुसरा लागेपर्यंत चौदा मिनिटं. तेवढ्यात मी आणि एक म्हातारे काका, दोघांनी मिळून सगळ्या खुर्च्यांखालचे पॉपकॉर्न, पेले, स्ट्रॉ काढायचे. एकदा कवळी सापडली. माणूस कवळी विसरून घरी जातो म्हणजे सिनेमा किती चांगला असेल विचार कर. किंवा किती वाईट.

तर नियम असा, की खेळ सुटायच्या दहा मिनिटं आधी झाडू आणि सुपली घेऊन आत दाराशी उभं राहायचं. पडद्याच्या कडेला, तिरकं. तिथून माणसं काठीसारखी लांब दिसतात. दोन वर्षांत मी किती सिनेमांचे शेवट बघितले असतील त्याला गणती नाही. दाराशी उभं राहून सुरुवात एकाचीही दिसली नाही.

"काका, हा मेला तो चांगला होता की वाईट?" मी विचारतो.

"लोक रडतायत का बघ. रडत असले तर चांगला. चल, तू डावीकडून घे."

सोमवारी सकाळच्या खेळाला आम्हाला फुकट बसू देतात. चार वेळा बसलो. अर्ध्या तासात पाय वळवळायला लागतात, उठून बाहेर येतो. शाळेत तेच, गोदामात तेच, गाड्या धुवायच्या कामावर तेच. मासेमारीच्या बोटीवर सात आठवडे टिकलो, कारण तिथे उठून जायला जागाच नव्हती. तिथली एक गंमत आहे, पण ती पुन्हा कधी. सांगायचं होतं ते वेगळंच.

आपल्या घरची ती रीत आठवते? आईला शिलाई मशीनवरून उठता यायचं नाही, म्हणून आपल्यातल्या एकाने सिनेमा बघून यायचा आणि तिला सांगायचा. पहिल्यापासून, काही न गाळता, शेवट आधी न फोडता. तू सांगायचीस ते म्हणजे, "मग तो गेला, मग ती आली, मग ते दोघं गेले." आई मशीन थांबवून म्हणायची, "अगं, सिनेमा सांगतेस की बसचं वेळापत्रक? बघायला हिला पाठवा आणि सांगायला ह्याला बसवा." आणि खरंच तसं सुरू झालं. मी बसायचो कुठे शेवटपर्यंत! तू बघून यायचीस, मला मधल्या खोलीत भराभर सांगायचीस आणि मी आईसमोर मांडी घालून रंगवायचो. आई कापड सरकवत म्हणायची, "हं, मग?" न बघितलेलं सांगायला मी तिथेच शिकलो. तूच शिकवलंस. दोष देत नाहीये. थोडासा देतोय.

म्हणून रविवारचा फोन मला अवघड नव्हता. आठवडाभरात दाराशी उभं राहून जे शेवट दिसायचे त्यातला एक उचलायचा आणि मागे मागे जात सिनेमा बांधायचा. आईचे पाय अधू झाले, जिना बंद झाला, तेव्हापासून तिला दुसरं काय होतं? ते तू सांगू नकोस, मला माहीत आहे. तिला तू होतीस. जेवण, औषध, आंघोळ. पण ते सगळे दिवस तुझे. माझा फक्त रविवार, आणि रविवारी ती हसायची. तू स्वयंपाकघरातून ऐकत असायचीस. भांडी आपटल्याचा आवाज इकडे यायचा.

आता तो धक्क्यावरच्या बाईचा सिनेमा. मी बघितलं ते एवढंच. बोटीचा धक्का, तिकिटांची खिडकी, बाहेर उभी एक म्हातारी. बोट येते, म्हातारी हसते, हात हलवते, पडदा पांढरा होतो. या एवढ्यावर मी तीन रविवार काढले. म्हातारीला मुलगा दिला. तो जहाजावर नोकरीला गेला. मधे वादळ घातलं, पत्रं हरवली. आणि तिसऱ्या रविवारी त्याला त्या बोटीतून आणला, पाठीवर पिशवी देऊन. आई फोनवर म्हणाली, "आला ना? बरं झालं बाई. मला वाटलं, आता तू त्याला मारतोस."

आणि तू लिहितेस, तिच्या वाढदिवसाला तिन्ही मजले उतरवून तिला तोच सिनेमा दाखवला. "तेव्हापासून ती फोनला येत नाही, का ते तुला कळेल."

वाचल्या वाचल्या डोक्यात तिडीक गेली. तू मुद्दाम नेलंस, तुला माझी जिरवायची होती, तुला तिचा एक रविवारही माझ्या नावावर बघवत नव्हता, असं एक पानभर लिहिलं. ते पान यात नाही. कारण ते खोटं आहे हे मला माहीत आहे. कसं माहीत, ते सांगायचं म्हणजे

काका बोलावतायत. पाणबुडी सुटली.

ता. ११

दोन दिवस पत्र खिशात होतं. आता एका दमात लिहितो.

तिच्या वाढदिवसाला मी आलो होतो.

"सुटी मिळाली नाही" हे फोनवर सांगितलं ते बसमधूनच. म्हटलं, दार वाजवू आणि तुमची तोंडं बघू. समोरच्या कुलूपवाल्याच्या दुकानापर्यंत पोचलो तर आपल्या जिन्याच्या दारात तुम्ही दोघी. शेवटच्या सात पायऱ्या रस्त्यावरून दिसतात ना, तिथे. तू उलटी उतरत होतीस, तिचे दोन्ही हात तुझ्या खांद्यांवर. एक पायरी झाली की थांबायचं, दम घ्यायचा, मग दुसरी. तू म्हणालीस, "सावकाश गं, खेळाला वेळ आहे." आणि ती म्हणाली, "सिनेमा कुठे पळून जातोय? पळून जाणारा आपल्याकडे एकच." तू हसलीस. मीही हसलो, रस्त्याच्या पलीकडे.

पुढे व्हायला हवं होतं. वरच्या सगळ्या पायऱ्या तू एकटीने उतरवल्या होत्यास, आणि शेवटच्या सातांना येऊन हात लावायची लाज वाटली, असं आता लिहिता येतं. तेव्हा नुसता उभा होतो. टॅक्सीवाल्याला तू थेटर सांगितलंस ते ऐकलं आणि चालत मागे आलो. तुमच्या मागे तीन रांगा सोडून बसलो. म्हटलं, मध्यंतरात. मग म्हटलं, सुटल्यावर.

ताई, जन्मात पहिल्यांदा मी सिनेमा अख्खा बघितला. पाय वळवळले नाहीत. जहाज नाही, वादळ नाही. मुलगा पहिल्या अर्ध्या तासात बोटीत बसून जातो तो पडद्यावर पुन्हा दिसत नाही. म्हातारी हळूहळू सगळं विसरत जाते, त्याचं तोंडसुद्धा. आणि मग येईल त्या प्रत्येक बोटीला हात हलवते. यातला असेल एखादा, म्हणून.

आई दर वेळी तुझा दंड दाबत होती. "आता बघ हं. आता येईल."

पडदा पांढरा झाला, नावं सुरू झाली, लोक उठले. तू म्हणालीस, "चल आई." ती म्हणाली, "थांब की जरा. अजून यायचाय. सांगितलंय त्याने." नावं संपली. दिवे लागले. झाडणाऱ्या दोघी आल्या, त्यातली एक म्हणाली, "आजी, पाय घेता का जरा?" आईने दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून बाजूला ठेवला, मग डावा. मी रोज म्हणतो ते, ताई. दिवसातून पंधरा वेळा म्हणतो. "पाय घेता का जरा."

"संपला?" तिने विचारलं.

"संपला, आई. त्याने बघितलाच नसेल हा."

ती अजून पांढऱ्या पडद्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे पुढच्या महिन्यात येतो म्हणतो, तेही असंच का गं?"

तू तिची शाल सारखी केलीस, मग सोडून पुन्हा केलीस, मग पुन्हा. माझी जिरवायला आलेलं माणूस तशी शाल सारखी करत बसत नाही. म्हणून ते पान फाडलं.

"आई, आलोय" एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तिचं पुढचं सगळं आयुष्य ती शेजारच्या काकूंना तेच सांगत बसली असती, की दिवे लागले आणि मागून आवाज आला. मी बाजूच्या दाराने बाहेर पडलो. थेटरातली दारं मला न बघता सापडतात. संध्याकाळच्या बसने इकडे.

आता उत्तर.

"येतो" असं लिहिलेली तीन पानं काल फाडली. छान उतरली होती. जिना कसा एका दमात चढेन, तिला खिडकीपाशी कसं बसवेन, तू नोकरीवरून पहिल्यांदा घरी येशील तेव्हा आम्ही दोघं कसे तुझी टिंगल करू. वाचताना मलाच भरून आलं. तिथेच ओळखलं.

मी येत नाही. आलो, तर तू माझ्यावर भरवसा टाकून जाशील. आणि दीड-दोन महिन्यांत एका सकाळी मी दूध आणतो म्हणून खाली उतरेन. मला मी माहीत आहे. आई तिसऱ्या मजल्यावर अंथरुणात असेल, तू दिवसभराच्या वाटेवर असशील, आणि ती संध्याकाळपर्यंत जिन्यातली पावलं ऐकत राहील. त्यापेक्षा ती जागा बरी. तिथे कुणीतरी पाळीवर असतं. हा मोठेपणा समजू नकोस. मोठेपणा असता तर आलोच असतो.

फॉर्मवर सही केली आहे, दोन्ही ठिकाणी. नात्याच्या रकान्यात "मुलगा" लिहिताना शाई पसरली. चालणार नसेल तर दुसरा पाठव.

आईला "सुटी मिळाली नाही" असं सांगू नकोस. "येत नाही म्हणाला" असं सांग. मी आलो होतो, मागे बसलो होतो, हेही सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगितलं तर ती आता गोष्टच समजेल. तिने शिव्या दिल्या तर मला कळवायची गरज नाही. काहीच बोलली नाही, तर मात्र कळव.

तिचा मुलगा म्हणून सही तिकडे केली आहे. इथे नुसता

तुझा भाऊ