लिंबाखालचं पोतं

गोझो बेट, माल्टा
३० जून २०२५

ती. आत्याबाईंस,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून आपण दोघी फोनवर नुसत्या एकमेकींची तोंडं बघतो आणि रडतो. त्यापेक्षा कागद बरा. मी खुशाल आहे. ज्यांची देखभाल करायला मी इथं राहते त्या कार्मेना आजीही बऱ्या आहेत. सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांना खुर्चीतून उठवायला माझे दोन्ही हात लागतात, पण जीभ अजून एकटीच चालते.

उन्हाळा लागला तसं इथं रोज संध्याकाळी समुद्रकाठी बाजार भरू लागलाय. साडेआठपर्यंत ऊन असतं. मग वारा सुटतो आणि माणसं अंघोळ करून, नटूनथटून, पोराबाळांना घेऊन बाहेर पडतात. मध, मीठ, टोमॅटो, मासळी, हातानं विणलेली लेस, सगळं मांडलेलं असतं. आजींची चाकाची खुर्ची ढकलत मीही जाते. एक म्हातारा तीळ-बदामाची चिक्की विकतो. त्याच्या गाड्यापाशी भाजलेल्या तिळाचा वास आला, की माझे पाय तिथून हलतच नाहीत. आजी ओरडतात की मला रोज इथंच का थांबायचं असतं. काय सांगू त्यांना? डोळे मिटले की मी काष्टीच्या शनिवारच्या बाजारात असते. लिंबाखाली आपलं पोतं, चार कोपऱ्यांना चार दगड, मध्ये शेव-रेवडीची पाटी, पलीकडे मुबारकमावशींच्या बांगड्या. समुद्राचं पाणी फार सुंदर आहे हो, पण मला पोत्याची आठवण येते.

आता माझा गाढवपणा ऐका. काल गावच्या संतांची जत्रा होती. रस्त्यावर दिव्यांच्या माळा, दारूकाम, बँड, आणि आठ जणांच्या खांद्यावर संतांची मूर्ती. अगदी आपला छबिनाच. मूर्ती आमच्या सज्ज्याखाली आली तशी लोक वरून कागदाचे तुकडे उधळू लागले. माझ्या हातात तुम्ही इथंच कामाला असलेल्या केडगावच्या मुलीबरोबर पाठवलेला रेवडीचा डबा होता. मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्यानं चांगभलं म्हटलं आणि मूठभर रेवडी देवावर उधळली. आपल्याकडची सवय! देवाला एकही लागली नाही. सगळ्या बँडवाल्याच्या त्या भल्यामोठ्या पितळी भोंग्यात गेल्या. भोंगा फुस्स झाला आणि अख्खी मिरवणूक वर बघू लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या माणसानं भोंगा उलटा केला, एक रेवडी तोंडात टाकली, आणि आज सकाळी उरलेल्या मागायला दारात हजर! सगळा डबा गेला. आजी अजून हसताहेत.

आता मुद्द्याचं. सप्टेंबरअखेर माझा करार संपतो. आजींचा मुलगा म्हणतो आणखी दोन वर्षं राहा. त्याला पंधरा सप्टेंबरच्या आत सांगायचंय. नाही म्हटलं तर ही नोकरी गेली, परत मिळायची नाही. तुमचा कल्याण वारल्यावर मला, सुनेला, इकडं पाठवायचा हट्ट तुमचाच होता, म्हणून तुम्हीच सांगा. आणि लिंबाखालची जागा शाबूत आहे ना? तीन बाजार जागा मोकळी दिसली, की चौथ्या बाजारी दुसरा पोतं टाकतो. तेवढं सांभाळा.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
निकिता


काष्टी, ता. श्रीगोंदा
२२ जुलै २०२५

चि. निकिताला,
केशरबाईचे अ. उ. आ.

तुजं पत्र शनिवारी आलं. अगं बया, देवाला रेवडी मारायची सोडून भोंगेवाल्याला मारलीस व्हय! मुबारकबीला वाचून दावलं तर ती हसता हसता बांगड्यांच्या खोक्यावरच पडली. डझनभर बांगड्या फुटल्या. त्यो देव कुठलाबी असू दे, राग न्हाई धरायचा. रेवडी काय दगुड हाय का?

आता एक सांगते, रडायचं न्हाई. ती रेवडी शेवटच्या कढईची हुती. माजा उजवा खांदा पार आखडलाय. पाक खुंटीला टाकून वढायचा म्हंजी अंगात जोर लागतो, तुला ठावं हाय. तू हुतीस तवर तू वढायचीस आन् मी तिळात घोळायची. आता हात वर जात न्हाई, येणीबी मुबारकबी घालून देती. डाक्टर म्हनला म्हातारपन हाय. मी म्हनलं, ते तर तुज्याकडं यायच्या आधीबी ठावं हुतं. तवा कढई उलटी घातली. खायला मला काय लागतंय? भाकरी हाय, घर हाय.

जागेचं इचारू नगं. जागा काय, आज एकाची, उद्या दुसऱ्याची.

तू दोन वर्सं तिथंच ऱ्हा. माजा कल्याण गेला तवा तू तिशीचीबी नव्हतीस. तवाच मी मनाशी म्हनलं, आपला जलम पोत्यावर गेला, ह्या पोरीचा जाऊ द्यायचा न्हाई. तुज्या हातात नर्सची इद्या हाय. समिंदर बघ, जत्रा बघ, चांगलीचुंगली कापडं घाल. कुनी चांगला मानूस भेटला तर त्योबी बघ, मी नाव ठेवनार न्हाई. माजी काळजी करू नगं. मला काय बी कमी न्हाई.

लोभ तर हायेच. त्यो काय समिंदरानं अडतोय?

तुजी,
आत्याबाई


काष्टी
१६ ऑगस्ट २०२५

निकिता बेटी,
मुबारकबीचा सलाम आणि भरभरून दुवा.

तू विचारात पडशील की मावशीनं कधी नाही ते पत्र का लिहिलं. तुझ्या सासूनं मला शपथ घातली होती की फोनवर तुला काही बोलायचं नाही. म्हणून फोन केला नाही. पत्राची शपथ घालायला ती विसरली.

केशर रेवडी करत नाही ते खरं. पण बाजार चुकवत नाही. दर शनिवारी नऊ वाजता काठी टेकत येते, लिंबाखाली पोतं अंथरते, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवते आणि मधोमध बसते. विकायला काही म्हणजे काहीच नाही. गिऱ्हाईक रेवडी मागतं, तर ही सांगते की माल यायचाय. दिवेलागणीला पोतं झटकून घरी. मे महिन्यापासून हेच चाललंय. पावसातसुद्धा आली, डोक्यावर प्लास्टिक घेऊन.

गेल्या बाजारी एक गुळवाला आला. म्हणाला, म्हातारे, माल नाही तर सरक. बेटी, तुझी सासू पोत्यावर आडवीच झाली! भर बाजारात! माणसं गोळा झाली. गुळवाल्यानं हात जोडले. मी विचारलं, बाई, निकिताला तर तू थांब म्हणून लिहिलंस, मग ही जागा कुणासाठी धरतेस? तर म्हणाली की थांब म्हणणं माझं काम आहे, पण पोर आलीच तर तिनं उभं राहावं का?

मी सांगितलं ते तुझ्यापाशी ठेव. पुढं तुझा तू विचार कर. मावशीवर जीव राहू दे.

मुबारकबी


गोझो बेट, माल्टा
७ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाईंस,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलंय. मुबारकमावशींना एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी तुमची शपथ पाळली, फोन केला नाही.

आत्याबाई, किती खोटं लिहिता हो तुम्ही! मावशींचं पत्र घेऊन मी बाजारात गेले आणि चिक्कीवाल्याच्या गाड्यापाशी ढसाढसा रडले. त्या बिचाऱ्याला वाटलं मला भूक लागलीय. त्यानं एक मोठा तुकडा हातावर ठेवला. तो खाल्ला तर आणखीच रडू आलं, कारण गोडी बरोबर होती पण पाक ओढलेला नव्हता.

आजींच्या मुलाला मी चार दिवसांपूर्वी नाही म्हणून सांगितलं. माझ्या जागी केडगावची मुलगी येतेय. आजी दोन दिवस रुसल्या. मग त्यांनी पत्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझ्याकडून समजून घेतलं. तुम्ही पोत्यावर आडव्या झालात ते मला त्यांना तीनदा सांगावं लागलं. त्यांनी पेटीतून स्वतः विणलेली लेस काढली. पाटीवर घालायला दिलीय, माशा बसू नयेत म्हणून. म्हणाल्या की अशी सासू मिळाली असती तर त्याही कुठूनही तिच्याकडे परत गेल्या असत्या.

तुम्ही मला समुद्र बघ म्हणालात, जत्रा बघ म्हणालात. दोन उन्हाळे सगळं बघितलं. इथली माणसं चांगली आहेत, संध्याकाळी फार छान असतात, आणि त्या प्रत्येक संध्याकाळी मला घरी जायचं होतं. इथं सगळ्यांना कुणीतरी हाक मारत असतं, मला कुणी हाक मारत नाही. माझा जन्म पोत्यावर जाऊ नये म्हणता. पण तिथं मला कुणी बसवत नाहीये, आत्याबाई. मीच येतेय. शिकलेलं वाया जाणार नाही, श्रीगोंद्यात दवाखाने आहेत. शनिवार तेवढा माझा.

कढई सुलटी करा. तीळ निवडून ठेवा. पाक मी ओढीन, तुम्ही घोळा. ११ ऑक्टोबरच्या बाजारी मी येतेय. मला बघून उठू नका, खांदा दुखेल. पोत्यावर जराशा सरका, एवढंच.

लोभ आहे तसाच असू द्या.

तुमची,
निकिता