आप्पांचा पाना आणि भिंतीवरची वेळ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. भावोजींचे गुडघे आता जिना चढतात का? आम्ही इथे सुखरूप आहोत. (हे वाक्य आजवर सवयीने लिहीत आलो, परवापासून त्याला अर्थ आला आहे.)

आप्पांची रविवारची तालीम तू विसरली नसशीलच. जन्मभर गॅसचे फिटर, पण सुट्टीच्या दिवशी आपल्यालाच कामाला जुंपायचे. वास आला की बटणाला हात नाही, लावायला नाही आणि बंद करायलाही नाही. आधी व्हॉल्व्ह, दांडा नळीला आडवा. मग खिडक्या, मग माणसं बाहेर. आणि बंद केल्याची वेळ खडूने भिंतीवर, खाली दोन रेघा. तू पहिल्या फटक्यात पास. मी दरवेळी पाणीच बंद करायचो. शेवटच्या आजारपणातही ते मला म्हणाले, "तुझ्या हातून हे व्हायचं नाही रे." ते मनाला लागलं ते लागलंच.

तर परवा सकाळी स्वयंपाकघरात वास आला. तुझी भावजय सर्दीने बेजार, तिच्या नाकाला पत्ता नाही, आणि हातात काडेपेटी. मी ती हिसकावली (तिला वाटलं, चहावरून भांडण उकरून काढतोय), खिडक्या ढकलल्या आणि पॅसेजमधल्या व्हॉल्व्हकडे धावलो. खुंटीवर आप्पांचा पाना नाही. असणार कसा? आप्पा गेल्यावर तूच तो अक्रोड फोडायला नेलास. नुसत्या हाताने दांडा तसूभर हलेना. घाबरून जे हाताला लागलं ते फिरवलं, आणि ते अर्थातच पाणी निघालं, तेही वरच्या मजल्याचं. वरचे निवृत्त हेडमास्तर अंगभर साबणानिशी, टॉवेल सावरत, माझ्या नावाने शंख करत खाली आले. बरंच झालं, त्यांना वेगळं बोलवावं लागलं नाही, मला मारायला ते आपणहून रस्त्यापर्यंत आले. घरात कोणी उरलं नाही. मी समोरच्या दुकानातून फोन केला तेव्हा तिथल्या घड्याळात बरोबर अकरा वाजत होते.

गॅसवाला आला, आत गेला आणि बाहेर येऊन त्याने चक्क माझी पाठ थोपटली. शेगडीची नळी तडकली होती, पण व्हॉल्व्ह घट्ट बंद. इतका घट्ट, की नंतर उघडताना पाना असूनही त्याला घाम फुटला. वर म्हणाला, "आणि वेळही लिहून ठेवलीत! आता आमच्यातही कोणी लिहीत नाही." मी आत जाऊन पाहिलं. भिंतीवर खडूने १०-५०, खाली दोन रेघा. ताई, आमच्या घरात खडू नाही. तुझी भावजय म्हणते, जुनं असेल. पण ती भिंत आम्ही गेल्या महिन्यातच रंगवली. हेडमास्तर म्हणाले, शिवाय वेळ चुकली आहे, तेव्हा तर तुम्ही घरातच होतात. आप्पांचं घड्याळ जन्मभर दहा मिनिटं मागे असायचं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

बाकी सर्व ठीक.

तुझा धाकटा

ता. क. : पाना लगेच पाठवून दे. अक्रोड दगडानेही फुटतात.

आणखी ता. क. : खरं तर पत्र यासाठीच लिहितो आहे. आप्पांचं घड्याळ तुझ्या कपाटात आहे, ते गेले त्या दिवसापासून किल्ली न दिलेलं. एकदा कानाला लावून बघ. चालू असेल तर मला कळव. बंद असेल, तर काही कळवू नकोस.