लळिंग घाटातली उल्का

धुळे, २० नोव्हेंबर १९९८

चि. सौ. बेबाबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. माझ्या धाकट्या भावानं, तोतारामानं, बांधावरच्या बुजगावण्याला रामराम घातला, आणि त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून घरी येऊन त्याच्या सात पिढ्या काढल्या, हे वाचून मी पोटभर हसले. मग हसणं थांबलं. केळीचे कोवळे घड कापायला लावले, इथवर ठीक. पण असा माणूस राजदूत फटफटी घेऊन फैजपूरच्या रस्त्यावर जातो, हे मुळीच ठीक नाही. एखाद्या दिवशी ट्रकखाली येईल.

डोळे तपासू म्हटलं की तो एकाहत्तरच्या लढाईतली नेमबाजी सांगत बसतो म्हणतेस. सांगणारच. रणगाड्यावर तोफ चालवायचा तो. डोळ्यांवर शाबासक्या मिळवलेला माणूस डोळे गेले असं कबूल कसं करील?

तेव्हा तू डॉक्टरचं नाव काढू नकोस. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय झालं आहे. १२ डिसेंबरला, शनिवारी, मी त्याला तिथे नेते. रविवारी रात्री उल्का पडायच्या आहेत, त्या बघायला माझ्या शेजारीणबाईंच्या, मंदाबाईंच्या, लळिंगच्या शेतावर जाऊ. दोन्हीकडे मी त्याची परीक्षा घेईन. पस्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. नक्कल कशी पकडायची ते मला येतं. नापास झाला तर ऑपरेशन. तू त्याचा स्वेटर बांधून दे आणि तोंडाला कुलूप लाव.

रागावली तरी तुझीच,
सुनंदाअक्का

*

यावल, २ डिसेंबर १९९८

ती. सुनंदाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला रणगाड्यांची हौस कधीपासून लागली? मी पलटणीत गेलो तेव्हा तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. तरी येतो. केळीचं पाणी बेबा बघेल, तिला बठ्ठं जमतं, सगळंच.

उल्कांचं मला सांगू नकोस. इकडे पंपाला वीज रात्रीच मिळते, त्यामुळे आमच्या निम्म्या रात्री शेतातच जातात. तुझ्या शाळेत जितकी पोरं शिकली नसतील तितके तारे मी तुटताना पाहिलेत. लाव पैज, तुझ्यापेक्षा दहा जास्त मोजीन.

कळण्याची भाकरी आणि ठेचा तयार ठेव. घरी हल्ली रोज गाजरंच समोर येतात. बेबाला विचारलं तर म्हणते, स्वस्त झालीत.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तर मला भीती वाटेल.
तुझा तोताराम

*

धुळे, १५ डिसेंबर १९९८

चि. सौ. बेबाबाईस,
अ. उ. आ.

तोताराम सकाळच्या एस.टी.नं निघाला आहे. तो जेवला की हे पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखव.

संग्रहालयात त्यानं मला चकवलं, हे मान्य करते. प्रत्येक रणगाड्याला हात लावून त्याचं नाव, वजन, तोफेचा पल्ला घडाघडा सांगत होता. शाळेची एक सहल मागून चालली होती, ती तिच्या बाईंना सोडून आमच्यामागे आली. मला वाटलं, आपलाच संशय खोटा. मग एका पाटीसमोर उभा राहून तो ती आम्हाला वाचून दाखवू लागला. हा रणगाडा कोणत्या साली आला, कुठे लढला, सगळं. पाटीवर एवढंच लिहिलं होतं की कृपया रणगाड्यांवर चढू नये. वाचता वाचता तो चढला. पहाऱ्यावरचा जवान ओरडत आला. हा जुना तोफवाला आहे असं कळल्यावर त्यानं सलाम ठोकला आणि हात धरून खाली उतरवलं.

लळिंगला मी पक्का बंदोबस्त केला. घोंगडीवर पाठ टेकून आम्ही तिघं आभाळाकडे बघत होतो. मंदाबाई किंवा मी ओरडले की मागोमाग हा आकडा म्हणायचा. एकतीस झाल्या. मग आभाळ अगदी शांत असताना मी मुद्दाम ओरडले, की अगबाई, केवढी मोठी! यानं ताबडतोब बत्तीस मोजली. वर सांगितलं की हिरवट होती आणि किल्ल्यामागे गेली.

तोताराम, नक्कल पकडली आहे. पस्तीस वर्षांत मी यासाठी शिक्षा बदललेली नाही. डॉक्टरांकडे चल.

कडक पण मायेची,
सुनंदाअक्का

*

यावल, २१ डिसेंबर १९९८

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बेबानं पत्र वाचलं. तिला मध्ये तीनदा थांबावं लागलं, इतकी हसत होती. ही बाई माझ्या घरात राहते.

खरं ते लिहितो. नगरला मी आमच्या जातीच्या रणगाड्यावर चढलो, तोफेवर हात ठेवला आणि नळीवरून पुढे बघितलं. नळीचं तोंड दिसलं नाही, अक्का. चार हातांवरचं. ज्या तोफेनं मैलभरावरचं टिपलं, तिचं टोक मला दिसेना. त्या जवानानं हात धरला तेव्हा मी मुकाट्यानं उतरलो ते त्यामुळे. तुला वाटलं असेल, शिस्त.

आता तुझं. बत्तिसावी मी तुझ्या शब्दावर मोजली, कबूल. पण एकविसावी आणि बाविसावी कोणती? तू म्हणालीस, किती सावकाश चालली आहे, अशी कधी पाहिली नव्हती. मंदाबाई गप्प बसल्या, कारण तू मोठी. मीही गप्प बसलो. पण मला ती ऐकू येत होती. घाट चढणारा ट्रक होता तो, अक्का, आणि वळणावर त्यानं गिअर बदलला तेव्हा तू दुसरी मोजलीस. गिअर बदलणारी उल्का मी उभ्या आयुष्यात ऐकली नाही.

ऑपरेशन करतो. पण आधी तुझे डोळे दाखव. नाहीतर मी फटफटीवरून डायरेक्ट धुळ्याला येतो.

तुझ्या धाकात वाढलेला,
तोताराम

*

धुळे, ४ जानेवारी १९९९

चि. तोतारामास,
अ. उ. आ.

फटफटीची किल्ली बेबाबाईनं लपवली आहे, शोधू नकोस.

डॉक्टरांकडे जाऊन आले. माझा जुना विद्यार्थीच निघाला, दहावीला गणितात काठावर पास झालेला. त्यानं भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. तिसऱ्या ओळीपर्यंत ठीक गेलं, पुढे मी अंदाजानं म्हणत गेले. त्यानं तक्ता बदलला. मीच त्याला हे शिकवलेलं असणार.

डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकला आहे, उजवा त्याच्या मागून येतो आहे. हल्ली धुळ्यात धूर फार झाला, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

१९ तारीख घेतली आहे, दोघांची एकाच दिवशी. भिंग बसवतात म्हणे, आणि लवकर घरी सोडतात. तुझी अट होती की आधी मी. मान्य. मोठी मी आहे.

मला भीती वाटते. हे वाक्य पासष्ट वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे, तेव्हा बेबाबाईनं वाचताना ते गाळावं.

मी आत गेले की तू दाराशी बस. मी ओरडले तर पहिल्या एस.टी.नं यावलला पळ. नाही ओरडले, तर मुकाट्यानं माझ्या मागून आत ये.

तुझ्या आधी जन्मलेली, म्हणून तुझ्या आधी आत जाणारी,
अक्का