कोरी तक्रारवही

३ जून

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. या लष्करी वर्कशॉपमध्ये सहा महिन्यांतच दमून गेले. रुग्णवाहिकेखालची ब्रेकची नळी दगड लागून चिरते. तिच्यावर बसेल असं पत्र्याचं कवच मी बनवलंय. पण साहेब म्हणतात, ड्रायव्हरांच्या तक्रारवह्या कोऱ्या आहेत, मग चाचणी कशाला? ड्रायव्हरांना विचारलं, तर गाडी एकदम फर्स्ट क्लास! आणि खाली वाकून पाहावं, तर नळीला चिकटपट्टी गुंडाळलेली. आपला दादा तसलीच गाडी चालवतो. त्याला मी कळवलंय, निदान तू तरी लिही. बाबा, तुम्ही बावीस वर्षं लष्करात गाडी चालवलीत. हे लोक लिहीत का नाहीत?

आईला गुडघा शेकायला सांगा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठमी

१४ जून

चि. इंजिनीअरबाईंस, अनेक आशीर्वाद.

आई म्हणते, पोरगी शिकली आणि वरिष्ठांशी भांडायला लागली. मी म्हटलं, भांडण ती कॉलेजात नाही, तुझ्याकडेच शिकली.

दादाने तुझं ऐकलं. वहीत लिहिलं, आणि गाडी निष्काळजीपणे चालवली म्हणून त्याची रजा रद्द झाली. वहिनीचे दिवस भरत आलेत. ती तुझं नाव काढू देत नाही.

लिहीत का नाहीत, ते कळलं ना? मीही एकदा लिहिलं होतं. रजा गेली. तुला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तू चार महिन्यांची होतीस. त्यानंतर मी नळीला तार बांधत राहिलो, वहीला हात लावला नाही. एकदा उतारावर ब्रेक लागेना. आत दोन जखमी होते. गाडी बांधाला घासून थांबवली आणि म्हणालो, समोर जनावर आलं. त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

हे सगळं तुझ्या साहेबांना लिहून, सही करून सोबत पाठवलंय. म्हणावं, शिक्षा करायची तर मला करा, मी आता कायमचाच रजेवर आहे.

जेवत जा. जीव तुझ्यात अडकलेला असतो.

बाबा

२६ जून

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

साहेबांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. विचारलं, वडील तेव्हाच का बोलले नाहीत? मी म्हटलं, बोलले होते, एकदा. त्यांनी पत्र फाइलला लावलं. मग एका गाडीवर चाचणी करायला सही दिली. एकाच. दादाच्या रजेचं विचारलं, तर ते त्यांच्या हातात नाही. वहिनीला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तिचं काही चुकत नाही.

आज पहिलं कवच मी स्वतः बसवलं. ड्रायव्हर शेजारी उकिडवा बसून बघत होता. जाताना इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, मॅडम, क्लचचंही जरा बघाल का? फक्त वहीत लिहू नका.

आशीर्वाद असू द्या, थोडे जास्तच.

तुमची,
ठमी